कर्फ्यू विल्यमने लादला, हे कशावरून?

'इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मन राजा विल्यमने 1068 मध्ये हुकूम काढला: रात्री आठची घंटा झाली की दिवे, विस्तव विझवा. लोकांनी अंधारात कट शिजवू नयेत म्हणून. तोच पहिला कर्फ्यू.' हा मजकूर फार फिरतो. ऐकायला झकास आहे, पण टिकत नाही.

आधी 'विझवा'. मूळ फ्रेंच शब्द 'झाक' आणि 'विस्तव' या दोन शब्दांचा जोड आहे; विझवण्याचा त्यात मागमूस नाही. मध्ययुगात विस्तव मुद्दाम विझवणं परवडणारं नव्हतं. काडेपेटी नव्हती, गारगोटी आणि पोलादाने ठिणगी पाडावी लागे. म्हणून निखारे चुलाणाच्या मागच्या बाजूला ओढायचे, वर राख सारायची आणि झाकण ठेवायचं. आपल्याकडे चुलीत निखारा राखेखाली पुरत, तसंच. राख कमी पडली तर रातोरात निखारे जळून संपायचे, हवा पुरती कोंडली तर निखारा मरायचा. म्हणून मातीच्या झाकणांना मूठ आणि हवेसाठी भोकं असत. असं झाकण उत्खननात सापडलं की इंग्रजीत त्यालाही कर्फ्यूच म्हणतात. घरं लाकडाची, छपरं गवताची. उडालेली एक ठिणगी गल्ली पेटवायला पुरे.

आता विल्यम. दडपशाहीची ही कथा सोळाव्या शतकापासून सांगितली जाते; तिला त्याच्या काळातला पुरावा नाही. संध्याकाळची घंटा युरोपात इतरत्रही वाजत होती. मग ती एकट्या इंग्रजांना चिरडायला काढली असं कसं म्हणायचं?

कर्फ्यू म्हणजे संचारबंदी, हेही मूळ अर्थात बसत नाही. मध्ययुगीन इंग्रजीत कर्फ्यू म्हणजे ती घंटा किंवा तिची वेळ. 'कर्फ्यूच्या सुमारास' म्हणजे साधारण निजानीज होताना. सरकारने लोकांना घरात बसवणं हा अर्थ पुष्कळ नंतरचा.

अर्थात घंटेला नियम चिकटले होते, हे खरं. लंडनच्या 1285 च्या नियमांनुसार सेंट मार्टिन ल ग्रां या चर्चची कर्फ्यू-घंटा झाल्यावर तलवार-ढाल घेऊन रस्त्यात भटकायला बंदी होती. प्रतिष्ठित माणसांना आणि त्यांच्या निरोप्यांना मुभा होती, पण हातात कंदील हवा. दारूच्या गुत्त्यांनाही त्यानंतर दार लावावं लागे.