उपसंहार आणि ‘कबुली’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘उपसंहार म्हणजे शेवट न जमल्याची कबुली. नवोदितांना सल्ले देण्याआधी स्वतः चार कादंबऱ्या वाचा.’ कादंबरीच्या उपसंहारावर, म्हणजे मुख्य गोष्ट संपल्यावर येणाऱ्या छोट्या भागावर, मी नवोदित लेखकांसाठी लिहिलेल्या लेखाला आलेली ही तुमची वाक्यं. मतभेद असू द्या. पण दुसऱ्याच्या ओसरीवर बसून घरमालकाची अक्कल काढायची, ही कुठली रीत? लोकांची हस्तलिखितं तपासण्यात माझी हयात गेली. वाचनाचा दाखला तुमच्याकडून घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

लेखातली उदाहरणं बहुतेक परदेशी होती, हे मान्य. पुढे.

‘कबुली’च म्हणता, तर रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीची १८६६ची ‘गुन्हा आणि शिक्षा’ घ्या (पुन्हा परदेशी, इलाज नाही). नायक रास्कोल्निकोव्ह खुनाचा गुन्हा कबूल करतो तिथे सहावा भाग संपतो. कबूल करणार की नाही, याचा निकाल लागला. म्हणजे शेवट जमलेला आहे. पण पश्चात्ताप? सैबेरियातल्या तुरुंगातही त्याचा ताठा कायम असतो. तो उतरायला काळ जावा लागतो, आणि पोलीसचौकीतल्या प्रसंगाला तो काळ चिकटवता येत नाही. म्हणून दोन प्रकरणांचा उपसंहार. त्यातलं मनपरिवर्तन अनेक समीक्षकांना पटत नाही, ठाऊक आहे. पण तो वेगळा आक्षेप झाला.

लेखात सांगितलेली चाचणी तुम्ही बहुधा वाचलीच नाहीत. उपसंहाराची पानं काढून ठेवायची आणि बाकीचं हस्तलिखित त्रयस्थाला द्यायचं. ‘त्या पत्राचं काय झालं?’ असं त्याने विचारलं, तर तो धागा कथानकातच सुटून राहिलाय. मागे जाऊन तिथेच बांधा, उपसंहारात कोंबू नका. ‘एवढं करून तिला मिळालं काय?’ असं विचारलं, तर उपसंहाराला जागा आहे. काहीच विचारलं नाही, तर ती पानं फाडा. आणि गोष्ट दुसऱ्याच दिवशी सकाळी, त्याच घरात, त्याच निवेदकाच्या तोंडून पुढे जात असेल, तर ते नुसतं शेवटचं प्रकरण. वर ‘उपसंहार’ लिहून काही होत नाही.

बिघडतो तो हजेरीपटामुळे: कोणाचं लग्न झालं, कोणाला मुलं किती. ऐंशी हजार शब्दांच्या कादंबरीला हजार-दीड हजार शब्द पुरतात. एक पात्र, एक प्रसंग, नवं माणूस नको.

लेखाच्या लांबीबद्दल आणि अक्षरांच्या आकाराबद्दल तुम्ही जे लिहिलंय, त्यावर वेळ घालवत नाही.