खोटा आहे तो 'ग्रहणातच' मधला 'च'

ताईने परवा घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ग्रहण लागलं की परातीत पाणी घेऊन त्यात मुसळ ठेवा, आधाराशिवाय ताठ उभं राहील. ग्रहण सुटलं की आपोआप पडेल. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, ओढ वाढते, म्हणून हे होतं. एरवी कितीही खटपट करा, जमणार नाही. नासानेही मान्य केलंय. आणि शेवटची ओळ: यावरून ग्रहणाची ताकद कळते, म्हणून गरोदर बायकांनी पाणीसुद्धा घेऊ नये, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो.

असले मेसेज मी एरवी पुसून टाकते. हा पुसला नाही, कारण ताईने आपल्या सातवीतल्या लेकीला विज्ञान प्रदर्शनासाठी हाच विषय दिला. भाचीचा मला फोन आला, "मावशी, यात गृहीतक काय लिहू?"

प्रश्न अगदी योग्य होता. मुसळ उभं राहतं, हे निरीक्षण आहे आणि ते खरं आहे. आजीने पाहिलं, मीही लहानपणी पाहिलं, कोणी खोटं बोललेलं नाही. 'ग्रहणातच उभं राहतं' हे मात्र गृहीतक आहे, आणि ते तपासायला ग्रहणाची वाटही पाहावी लागत नाही. साध्या दिवशी एकदा जरी मुसळ उभं राहिलं, तरी तो 'च' गेला. इतकी वर्षं लोक ग्रहणाच्या दिवशी मुसळ उभं करतायत, पण साध्या दिवशी करून पाहायचं फारसं कुणाला सुचत नाही. बिनग्रहणाच्या दिवसाशी तुलनाच नसेल तर त्याला प्रयोग कसं म्हणायचं?

रविवारी आम्ही ते केलं. शेजारच्या काकूंचं मुसळ आणलं, खालच्या टोकाला लोखंडी कडं असलेलं. तीच परात, तीच फरशी, तोच हात, आणि 20 प्रयत्न. हे आधी ठरवून वहीत लिहून ठेवलं, कारण खरी गोम इथेच आहे. ग्रहणाच्या दिवशी माणूस मुसळ उभं राहीपर्यंत हटत नाही. एरवी दोनदा पडलं की सोडून देतो. मग जमतं ते ग्रहणामुळे की चिकाटीमुळे, हे कसं कळणार? पहिले तीन प्रयत्न फसले. चौथ्यांदा उभं राहिलं. वीसपैकी अकरा वेळा राहिलं. शेवटचं तसंच ठेवलं, ते रात्री जेवणं होईपर्यंत उभंच होतं. ग्रहण नसल्याने 'सुटायचा' प्रश्न नव्हता. परात लागणार होती म्हणून मीच उचललं. कारण साधं आहे. कड्याचा तळ सपाट असतो, आणि मुसळाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं असतं तो बिंदू, त्या तळाच्या बरोबर वर राहिला की ते पडत नाही.

जपानमध्ये हीच गोष्ट अंड्याबाबत घडली होती. 1947 च्या फेब्रुवारीत तिथल्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, की वसंतारंभाच्या दिवशी अंडं टोकावर उभं राहतं. उकिचिरो नाकाया हे भौतिकशास्त्रज्ञ, ज्यांनी 1936 मध्ये प्रयोगशाळेत हिमस्फटिक तयार केले, त्यांनी घरीच करून पाहिलं. वसंतारंभ उलटून गेला होता, तरी अंडं उभं राहिलं. उकडलेलंही राहिलं. कवचावरचे बारीक उंचवटे तिवईच्या पायांसारखं काम करतात, धीराने तोल साधला की झालं. अंडं उभं राहतच नाही, असं धरून चालल्यामुळे शेकडो वर्षं कुणी नीट प्रयत्नच केला नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. ताई, अंड्याच्या जागी मुसळ घालून वाच.

आता ओढीचं. एक गोष्ट मान्य करावी लागेल: तिघं एका रेषेत येतात आणि त्याचा परिणाम होतो. कोकणात कुणालाही विचारा, अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते. पण ती दर अमावास्या-पौर्णिमेला येते, ग्रहण असो वा नसो. शिवाय चंद्रामुळे पृथ्वीवरच्या वस्तूच्या वजनात पडणारा हा फरक साधारण एक कोटीव्या हिश्श्याइतका असतो, सूर्यामुळे पडणारा त्याच्याही निम्म्याहून कमी. 5 किलोच्या मुसळाला दोन्ही मिळून एक मिलिग्रॅमही नाही. तांदळाचा एक दाणा याच्या कितीतरी पट जड असतो. आणि 25 ऑक्टोबर 2022 ला आपल्याकडे ग्रहण लागलेलाच सूर्य मावळला. मेसेजच्या हिशोबाने त्या संध्याकाळी मुसळं पश्चिमेला कलायला हवी होती.

नासाचं म्हणाल तर, 10 फेब्रुवारी 2020 लाच झाडू उभा राहतो, अशी अफवा नासाच्या नावाने पसरली होती. दुसऱ्या दिवशी नासाच्याच अंतराळवीराने झाडू उभा करून दाखवला.

माझा खरा राग शेवटच्या ओळीवर आहे. माझी धाकटी जाऊ सातव्या महिन्यात आहे आणि हा मेसेज तिलाही गेला. बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. सातव्या महिन्यात तो फाटायचा प्रश्नच नसतो. फाटलेल्या ओठामागे आनुवंशिकता असते, फॉलिक ॲसिडची कमतरता, आईचं धूम्रपान, काही औषधं असतात. तासन्‌तास पाण्याशिवाय बसवलं तर त्रास मात्र आईला नक्की होतो. आणि ज्या घरात तसं मूल जन्मतं, तिथे ही ओळ आईवरचा आरोप होऊन बसते: ग्रहणात काहीतरी केलं असशील. मुसळ परातीत उभं राहिलं, हा याचा पुरावा कसा झाला? मुसळाचा आणि ओठाचा संबंध मेसेजमध्ये कुठेही दाखवलेला नाही, नुसतं 'म्हणून' लिहिलंय.

भाचीच्या वहीत आता दोन रकाने आहेत. 'साधा दिवस' भरलाय, 'ग्रहणाचा दिवस' रिकामा आहे. तो येत्या ग्रहणाला भरू, तीच परात, तेच 20 प्रयत्न. ताई, तूही ये, मोजणी तुझ्याकडे.