'न्यूज' चार दिशांतून आलेला नाही

६ जानेवारीचा पत्रकार दिन जवळ आला की गोव्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो आणि शाळांच्या फळ्यांवरही चढतो. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ यांची आद्याक्षरे जोडून 'न्यूज' शब्द झाला, कारण बातमी चारही दिशांनी येते, असे त्यात म्हटलेले असते. हे साफ खोटे आहे. मुलांना ते ज्ञान म्हणून दिले जाते, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी काळ पाहा. बातमी या अर्थाने 'न्यूज' इंग्रजीत १५व्या शतकापासून आहे. इंग्लंडमध्ये वृत्तपत्रे छापली जाऊ लागली ती १७व्या शतकात. आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची रीत तर २०व्या शतकात रुळली. असाच आद्याक्षरांतून घडलेला 'रडार' हा शब्द १९४०चा आहे. शिवाय जुन्या लेखनात 'डब्ल्यू'नंतर आणखी एक 'ई' लिहीत. त्या 'ई'ची दिशा कोणती, हे मजकूर सांगत नाही.

खरी व्युत्पत्ती सोपी आहे. 'न्यू' म्हणजे नवा, आणि त्याचे अनेकवचन म्हणजे नव्या गोष्टी. हे पटायला गोमंतकीयाला तर लंडनपर्यंत जायलाच नको. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागाला पोर्तुगीज 'नोवास कोंकिस्तास' म्हणत. आपण त्याला नव्या काबिजादी म्हणतो. त्यातला 'नोवास' म्हणजे 'नव्या'. हाच शब्द पोर्तुगीजमध्ये एकटा वापरला की त्याचा अर्थ बातम्या होतो. 'बोआस नोवास' म्हणजे आनंदाची वार्ता. आता पोर्तुगीज दिशा घ्या: नोर्ते, लेस्ते, ओएस्ते, सुल. यांची आद्याक्षरे कशीही जुळवा, 'नोवास' होत नाही. फ्रेंच 'नूव्हेल'चेही तेच आहे. शेजारच्या भाषांनी 'नवे' यापासूनच बातमीचा शब्द घडवला असताना एकट्या इंग्रजीने होकायंत्र समोर ठेवले, हे कसे मानायचे?

'नोटेबल इव्हेंट्स, वेदर, स्पोर्ट्स' यांची आद्याक्षरे जोडून 'न्यूज' झाला, ही दुसरी आवृत्तीही याच कारणांनी बाद होते.

यावर एक आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. शेवटचा 'एस' अनेकवचनाचा असेल, तर 'न्यूज आर' का म्हणत नाहीत? पूर्वी म्हणत असत. शेक्सपिअरच्या काळात 'धीज न्यूज' आणि 'धिस न्यूज' दोन्ही चालत. पुढे एकवचनी वापर पक्का झाला. रूप अनेकवचनी, क्रियापद एकवचनी आणि नाम न मोजता येणारे, अशी आज त्याची स्थिती आहे. म्हणून 'न्यूज इज' बरोबर आणि 'अ न्यूज' चूक. एकच बातमी सांगायची असेल तर 'अ पीस ऑफ न्यूज' किंवा 'अ न्यूज आयटम' म्हणावे लागते. आपली मुले उत्तरपत्रिकेत सर्रास 'अ न्यूज' लिहितात, आणि त्या चुकीवर चार दिशांच्या गोष्टीत काहीच उपाय नाही.