शालीचा एक धागा

मागच्या आठवड्यात मावशीला घेऊन दोन दिवस संभाजीनगरला जाऊन आलो. आम्ही परभणीकडचे, औरंगाबाद म्हणायची जिभेला सवय आहे, ती एवढ्यात जाणार नाही, सांभाळून घ्या.

पहिल्या दिवशी वेरूळ. येताना गाडीवाल्यानं न विचारताच एका शोरूमपुढं गाडी लावली, चहा-पाणी झालं, "हातमागाचं अस्सल हिमरू" म्हणत अठराशेला एक अशा दोन शाली गळ्यात मारल्या. आम्ही खूश!

दुसऱ्या दिवशी मॉल. मावशी तासभर एसीत फिरली आन म्हणते, "इथं कुणी भावच करीना, ह्याला काय बाजार म्हणावं?" मग पैठण गेटला आलो, आणि तिथून पायीच टिळक पथ, गुलमंडी, मछली खडक, सिटी चौक, सराफा करत शहागंजच्या घड्याळापर्यंत. अंतर काही फार नाही पण आम्हाला चार तास लागले, कारण मावशी प्रत्येक साडीच्या दुकानापुढं उभी राहायची आणि मागून गाड्यांचे हॉर्न. पार्किंगचं तर नावच काढू नका, रिक्षानंच जा.

तिथल्या एका जुन्या दुकानात चाचांनी विचारलं, "अम्मा, आपकू क्या होना?" मावशीनं पिशवीतली शाल काढून दाखवली. चाचा काही बोलले नाहीत, झालरीतला एक धागा ओढला आणि काडी लावली. धागा वितळला, काळी कडक गोळी झाली, प्लास्टिकचा वास! मग स्वतःच्या शालीचा सुती धागा जाळला तर नुसती राख, रेशमाचा जाळला तर केस जळाल्यासारखा वास. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम, पॉलिस्टरचा त्यात संबंधच नाही. किनखापात सोन्याचांदीची जर असायची, ती ज्याला झेपत नव्हती त्याच्यासाठी हे कापड. तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकरही आले असं सांगतात. मावशीला तुघलकाशी काय देणंघेणं, ती आपली छत्तीसशे-छत्तीसशे करत बसलेली.

पैठणीचं पण चाचांनीच सांगितलं, पदर उलटा करून बघायचा, हातानं विणलेली असली की नक्षी दोन्हीकडून सारखीच दिसते, मागं धाग्यांचं जंजाळ नसतं.

माझं म्हणणं एवढंच की पाहुणे मकबरा, वेरूळ करून वाटेतल्या शोरूममधून परत जातात आणि मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलेल्या ह्या गावाचा खरा बाजार बघतच नाहीत. गाडीवाल्याचं कमिशन आपल्याच बिलात असतं राव. (शहागंजकडं हळद लावलेले पिवळे नान दिसले तर सोडू नका, मावशी शाकाहारी म्हणून त्याच्यासोबतचा खालिया, म्हणजे मटणाचा रस्सा, मी एकट्यानंच हाणला.)

चाचांकडून एकच शाल घेतली, बजेटच तेवढं उरलं होतं. परतीच्या गाडीत शेजारची बाई साडी दाखवत होती, तर मावशी हळूच मला म्हणते, "काडेपेटी हाय का रे?"