कच्चा टाका

माझ्या बहिणीला आठवा लागला आणि आईने माळ्यावरून जुन्या लुगड्यांचं बोचकं खाली काढलं. "पहिलं बाळ, आणि विकतच्या पांघरुणात?" इंदूरचं तुकोजीराव क्लॉथ मार्केट घरापासून दहा मिनिटांवर आहे, पण ते बोलायची हिंमत कुणाची नव्हती.

कामं वाटली गेली. आई गोधडीला धावदोरा घालणार, बायको मशीनवर कडेचा गोट लावणार, बाबा चष्मा कपाळावर सरकवून सुया ओवणार. मी उरलो. म्हणून चिकूला रमवणं माझ्याकडे आलं. चिकू अडीच वर्षांचा आहे.

आत मऊ सुती लुगड्यांचे थर, वर आईची विरलेली महेश्वरी. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले, इथून 90 किलोमीटरवर, आणि त्या साडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा, उलट-सुलट भानगडच नाही, हे आई दर गोधडीला सांगते. ती सांगत होती तेवढ्यात चिकूने सगळे थर उलटे केले आणि वर बसकण मारली.

आमचं मशीन पायाचं. त्याचं चाक उलटं फिरलं की दोरा खटकन तुटतो. हे कळायला मला पस्तीस वर्षं लागली, चिकूला एक मिनिट. मी त्याला उचलून मोटार दिली. त्याने लाच नाकारणाऱ्या अधिकाऱ्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग बटणांचा डबा दिला. एक बटण थेट नाकाकडे निघालं. बटण मोठं होतं म्हणून निभावलं. मशीन थांबलं, बायकोने नुसतं वळून पाहिलं, डबा कपाटावर गेला.

मोजायच्या टेपवर मात्र तो खूश झाला. आबा पाच, फ्रिज पाच, आजीचा अंबाडा पाच. मी जरा टेकलो, आणि गल्लीत कचरागाडीचं गाणं वाजलं.

इंदूर 2017 साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं. चिकू त्यानंतरचा. त्याला आपलं आडनाव येत नाही, पण ओला-सुका कळतो. खाली पडलेल्या कापडाच्या पट्ट्या म्हणजे चिंध्या, चिंध्या म्हणजे सुका कचरा, हे त्याचं गणित बिनचूक होतं. फक्त त्या चिंध्या नव्हत्या. बायकोने सकाळभर खपून गोटासाठी कापलेल्या उरेब, म्हणजे तिरक्या, पट्ट्या होत्या. मी बनियनवर गाडीमागे धावलो. गाडीवरच्या पोराने पट्ट्या परत देताना विचारलं, "भिया, ये गीला है के सूखा?"

घरी आलो तर शांतता. आमच्याकडे शांततेला सगळे घाबरतात. चिकू आजीच्या गुडघ्याशी बसला होता, जीभ ओठाबाहेर. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चा टाका घालतात आणि पक्की शिवण झाली की तो काढून टाकतात. तो काढायचं काम आईने त्याला दिलं होतं. दोन बोटांत पांढरा दोरा धरायचा, ओढायचा, एकेका भोकातून तो सुटला की स्वतःच "टुप्" म्हणायचं. अर्धा तास टुप् टुप् चाललं होतं. इतकी खेळणी घेतली मी, आणि याला उसवायचं होतं!

दोरा संपला. "अजून," चिकू म्हणाला. आईने एक जुनी चादर ओढली, टाके घातले. तिला पाच मिनिटं लागली, त्याला दोन. मग बायको बसली. मग बाबा.

आता बहिणीला नववा लागलाय. गोधडी अर्धी आहे. रोज संध्याकाळी आम्ही चौघं सुया घेऊन बसतो आणि चादरीवर चिकूसाठी कच्चे टाके घालतो. माझे टाके त्याला विशेष आवडतात. ओढायच्या आधीच निघतात.