‘कधी उन्हात फिरलात का?’ : देशमुखसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

देशमुखसाहेब, नमस्कार.

जनमत चाचण्यांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली आपण मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून स्वतंत्रच लिहिते आहे. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यातला मुद्दा थोडक्यात सांगते. नीट केलेली चाचणी कुठल्या पक्षाला किती टक्के पाठिंबा आहे हे बऱ्यापैकी मोजू शकते. ती चुकते तेव्हा बहुतेक वेळा दोष माणसं निवडताना केलेल्या आळसाचा असतो, मतदार खोटं बोलल्याचा नाही. आपली प्रतिक्रिया अशी होती :

“मॅडम, दोन हजार लोकांना विचारून साडेनऊ कोटी मतदारांचं मन कळतं असं सांगणाऱ्यांनी कधी उन्हात फिरून एका तरी मतदाराला विचारलंय का? मी ६१ वर्षांचा आहे, मला आजवर कुणी विचारलेलं नाही. २०२४ ला सगळे तोंडावर आपटले. ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजारांनी वर आणि ४ जूनला चार हजारांनी खाली, याला जबाबदार कोण? पैसे देईल त्याच्या बाजूने आकडा देणारा हा बाजारू धंदा आहे आणि तुमच्यासारखे लोक त्याला शास्त्राचा मुलामा देतात.”

मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्या विरोधात लिहिलेलं मी कधी काढलेलं नाही. पण आपल्या पहिल्या वाक्याचा सूर मला लागला, आणि तो का लागला हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हाच प्रश्न ‘नमुना कसा निवडतात हो?’ असाही विचारता आला असता. आपण तो ‘मॅडम’पासून सुरू केलात आणि ‘उन्हात फिरलात का’वर आणून ठेवलात. समोरची बाई एसीत बसून लिहिते हे आपण गृहीतच धरलंत. माझ्या जागी एखादे प्राध्यापक असते तर त्यांना आपण हे विचारलं असतं का? मला नाही वाटत.

तर हो, फिरले आहे. २००४ च्या लोकसभेआधी मी एम.ए. करत होते आणि एका संस्थेसाठी बीड जिल्ह्यात घरोघरी जाऊन फॉर्म भरण्याचं काम घेतलं होतं. एप्रिलचं ऊन बीडमध्ये कसं असतं हे मला आपल्याकडून शिकायचं नाही. हातात मतदारयादीतली नावं असायची. ती आम्ही निवडलेली नसायची, वरून ठरून यायची. आधी मतदारसंघ, मग त्यातली बूथं, मग त्या बूथच्या यादीत ठरावीक अंतराने येणारी नावं. नाव ज्याचं, माणूसही तोच हवा. घराला कुलूप असलं तर संध्याकाळी परत जायचं. शेजाऱ्याला विचारून भागवायचं नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं नुकती कुठे परतत होती, त्यामुळे कुलपं बरीच होती आणि खेपाही बऱ्याच झाल्या.

पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवरचं घर मला अजून आठवतं. यादीत सुनेचं नाव होतं. नवरा ओट्यावर बसला होता. म्हणाला, “तिला काय कळतंय, मला विचारा, घरातली सगळी मतं एकच असतात.” त्याला मी समजावलं की नाव त्यांचं आलंय, उत्तरही त्यांचंच लागेल. तो कुरकुरत उठला आणि गोठ्याकडे गेला. ती बाहेर आली. पहिले चार प्रश्न तिने “आमाला काय म्हाईत” यावरच काढले. मग मी तिच्या हातात नमुन्याची मतपत्रिका दिली. पक्षांची चिन्हं छापलेला साधा कागद असतो तो. खूण करायची, घडी घालायची आणि पिशवीत टाकायची, सर्वेक्षकाने बघायचं नाही. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, बराच वेळ कागद बघत राहिली, खूण केली आणि चार घड्या घालून तो पिशवीत टाकला. तिने कुठल्या चिन्हावर खूण केली हे मला आजही माहीत नाही. नवऱ्यालाही माहीत नसेल. घरातली सगळी मतं एकच असतात की नाही, हे त्या घडीतल्या कागदाला विचारायचं असतं, ओट्यावर बसलेल्याला नाही.

आता आपल्या ‘दोन हजारां’कडे येते. आपल्याला खटकला तो आकडा. पण चाचणीत किती जणांना विचारलं यापेक्षा कुणाला विचारलं, आणि त्यांना कुणी निवडलं, हे आधी बघायला हवं. यादीतून चिठ्ठी टाकल्यासारखी माणसं निवडली, तर दोन हजारांच्या नमुन्यात शंभरपैकी पंच्याण्णव वेळा चूक वर-खाली सव्वादोन टक्क्यांच्या आत राहते. प्रत्यक्षात एका बूथवरची बरीच माणसं एकत्र घेतली जातात आणि शेजारी शेजाऱ्यासारखा असतो, म्हणून ती चूक थोडी वाढते, तीन टक्के धरा. लोकसंख्या किती मोठी आहे याचा या हिशेबाशी जवळजवळ संबंध नसतो. गोव्यात सुमारे ११ लाख मतदार आहेत, महाराष्ट्रात साडेनऊ कोटींच्या वर. दोन्हीकडे दोन हजारांचा नमुना जवळपास सारखाच बिनचूक, किंवा सारखाच चुकीचा. हे पहिल्यांदा ऐकताना कुणालाही पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. पण ते गणित आहे, माझं मत नव्हे. पातेलं नीट ढवळलेलं असेल तर एका शितावरून भात कळतो, मग ते घरचं असो की लग्नाचं. ढवळलंच नसेल तर डावभर भात चाखूनही उपयोग नाही.

न ढवळता मोठा डाव घातला की काय होतं याचं उदाहरण १९३६ मध्ये अमेरिकेत घडलं. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. दोन हजार नव्हे देशमुखसाहेब, वीस लाख. त्यावरून त्यांनी छापलं की आव्हान देणारे लँडन जिंकणार. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या याद्यांमधून आणि मोटारींच्या नोंदींमधून. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती? त्यात उत्तर पाठवायची तसदीही रूझवेल्टवर रागावलेल्यांनी जास्त घेतली. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याच्या तुलनेत चिमूटभर नमुन्यावर रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं. साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडलं.

आपल्याकडचा टेलिफोन म्हणजे चहाची टपरी. पुढे मी दुसऱ्या एका संस्थेसाठी काम केलं, तिचं नाव इथे घेणार नाही. तिथल्या सुपरवायझरने पहिल्याच दिवशी सांगितलं, “कुलूप असलं तर वेळ घालवू नका, नाक्यावरच्या टपरीवर जा, तिथे एका तासात दहा फॉर्म होतात.” होतातही. पण भर दुपारी टपरीवर कोण बसतं? पुरुष. गावठाणातले, थोडे रिकामे, राजकारणावर बोलायला उत्सुक. मळ्यात खुरपायला गेलेली बाई तिथे नसते, तांड्यावरचा माणूस नसतो, पाटोद्याची ती सून तर नसतेच. असे दोन लाख फॉर्म भरले तरी टपरीचाच कल कळणार. मी ते काम सोडलं. म्हणजे चाचणीवाले फसवाफसवी करतात हे आपल्याला कानावर आलेलं असेल, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाहूनही मी जनमत चाचणीच्या बाजूने लिहिते, कारण नीट केलेलं कामही त्याच डोळ्यांनी पाहिलं आहे.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेकडे याच नजरेने बघा. महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. मतदानानंतरच्या बहुतेक चाचण्यांनी महायुती पुढे दाखवली होती, पण एवढी मोठी झेप फारशी कुणाला दिसली नव्हती. बायकांची उत्तरं जिथे नवऱ्यांनी दिली असतील, तिथे महिना दीड हजाराच्या ‘लाडकी बहीण’चा परिणाम फॉर्मवर उतरणार तरी कसा? हा माझा तर्क आहे, पण तो ओट्यावर उभं राहून आलेला आहे.

‘मला आजवर कुणी विचारलेलं नाही’ हे वाक्य मला प्रत्येक लेखाखाली वाचावं लागतं. साडेनऊ कोटींतून दोन हजार निवडायचे, म्हणजे आपलं नाव येण्याची शक्यता साधारण अठ्ठेचाळीस हजारांत एक. दर महिन्याला अशी एक चाचणी झाली तरी आपला नंबर लागायला सरासरी चार हजार वर्षं जातील. आपल्याला विचारलं नाही यावरून काहीही सिद्ध होत नाही. ६१ वर्षांच्या अनुभवाचा मला आदर आहे, पण अनुभवाने भागाकार बदलत नाही.

आपली एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करते. वाहिन्या पडद्यावर आकडे नाचवतात तेव्हा किती जणांना विचारलं, कोणत्या तारखांना विचारलं, घरी जाऊन की फोनवर, आणि खर्च कुणी केला, यातलं बरंचसं सांगत नाहीत किंवा वाचता येणार नाही इतक्या वेगाने पळवतात. हे चूक आहे, आणि मी ते मागच्या लेखातही सौम्यपणे का होईना लिहिलं होतं. पण सगळ्यांना एकाच माळेचे मणी म्हणू नका. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतला ‘लोकनीती’ गट नमुना कसा काढला हे लेखी सांगत आला आहे. आणि हे खूळ टीव्हीने आणलेलंही नाही. एरिक द कोस्टा यांनी १९५० च्या दशकातच आपल्याकडे हे काम सुरू केलं होतं, तेव्हा घराघरांत टीव्ही नव्हता.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. २०२४ ला तोंडावर आपटले ते जागांच्या आकड्यांवर. १ जूनला बहुतेकांनी एनडीएला ३५० च्या वर नेलं होतं, प्रत्यक्षात मिळाल्या २९३ आणि भाजपला २४०. पण मतांचं बघा. देशभरात भाजपची मतं २०१९ पेक्षा एक टक्काही कमी झाली नाहीत, जागा मात्र ६३ ने घटल्या. महाराष्ट्रात मविआ ३० आणि महायुती १७ असा निकाल लागला, आणि दोघांच्या मतांमधला फरक एक टक्क्याच्या आत होता. तीन टक्के चूक गृहीत धरलेल्या मोजपट्टीने हा फरक मोजायचाच नसतो. टक्क्यांवरून जागा काढणं हे वेगळं गणित आहे, तिथे आघाड्या, बंडखोर, प्रत्येक मतदारसंघातली मतविभागणी असं सगळं येतं. मी पाठिंबा मोजण्याविषयी लिहिलं होतं, जागा सांगण्याविषयी नाही. शिवाय आपण जी उदाहरणं दिलीत ती सगळी मतदानानंतरच्या चाचण्यांची आहेत, ज्यांना कायद्याने शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत प्रसिद्धीची बंदी असते. माझा लेख निवडणुकीआधीच्या चाचण्यांवर होता. टीका करण्याआधी लेख एकदा पूर्ण वाचायला हवा होता, एवढंच म्हणते.

सेन्सेक्सचं म्हणाल तर शेअर बाजार हा माझा विषय नाही. आपलं नुकसान झालं असेल तर वाईट वाटतं, पण त्याचा राग माझ्यावर काढून काय होणार?

आता शेवटचं वाक्य. ‘पैसे देईल त्याच्या बाजूने’ आणि ‘तुमच्यासारखे लोक’. मी कुठल्याही पक्षाचा, वाहिनीचा किंवा चाचणी संस्थेचा एक रुपया या लेखासाठी घेतलेला नाही, ब्लॉगवर जाहिरातही नाही. फॉर्म भरण्याचे जे पैसे मिळायचे ते एसटीच्या तिकिटात आणि जेवणात जायचे. चाचण्यांच्या पद्धतीवर आपण हवी तेवढी टीका करा, मला तिचं उत्तर द्यायला आवडेल. नमुन्यातल्या कुलूपबंद घरांचं पुढे काय करतात, फोनवरच्या चाचण्यांत खेड्यातल्या बायका किती येतात, हे विचारा. त्यातल्या काही प्रश्नांवर आपलं-माझं एकमतही होईल. पण मुलाम्याचा तो आरोप माझ्या प्रामाणिकपणावर आहे, चाचणीवर नाही. ते वाक्य आपण मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे. घेतलं नाहीत तरी आपली प्रतिक्रिया आहे तशी लेखाखाली राहील, आणि तिच्याखाली या उत्तराचा दुवा मी आजच देते आहे.