रान पडीक ठेवणाऱ्या आपल्याच लोकांसाठी

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, विटा, आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, जाळायचा, मुशीत आटवायचा आणि ॲसिडनं सोनं-चांदी वेगळं काढायचं. आमचे वडील, अण्णा, त्यातलेच. जन्म आटपाडी तालुक्यातला, धंदा तमिळनाडूत. त्यांची नखं ॲसिडनं कायम पिवळी असायची. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडून आणि सुकडी खाऊन कंटाळलेलं पोर गावातनं निघालं, ते परत आलं फक्त खरसुंडीच्या जत्रेला.

या चैत्रात मी सांगलीहून त्यांच्या गावी जाऊन आलो. गावात बंगले एकापेक्षा एक. बहुतेकांना कुलपं. देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं, त्यांत अण्णांचंही. देणगीबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते रानाबद्दल.

आमच्या तुकड्यात वेडी बाभळ माणसापेक्षा उंच झालीय. बांधाच्या पलीकडं चुलत्यांची डाळिंबाची बाग. ठिबकच्या नळ्या, झाडांना बांबूचा आधार, तेल्या रोग पडू नये म्हणून सारखी फवारणी. माती तीच, ऊनही तेच.

फरक पाण्याचा, हे खरं. पण ते पाणी काय आपोआप आलं? स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या मागं लोक वर्षानुवर्षं आटपाडीच्या पाणी परिषदांना गेले, मोर्चे काढले. तेव्हा कुठं कराडजवळच्या टेंभूतनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून या माळावर आलं. त्यासाठी भांडले ते मागं राहिलेले. आपण फोनवर विचारत होतो, "पाऊस आहे का?"

आणि आता आपलीच माणसं जत्रेला गाड्या घेऊन येतात आणि म्हणतात, पूर्वीचं गाव राहिलं नाही. नाही राहिलं, बरं झालं! पूर्वीच्या गावात खायला नव्हतं म्हणूनच तर बाप निघाला होता.

रान कसायला का देत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "कुळ लागंल." म्हणजे कसणाराच जमिनीवर हक्क सांगेल. कुळकायदा १९४८ चा, पण धास्ती नातवांपर्यंत पोचलीय. अरे, वकील गाठा, कागद करा, मुदत घाला. सख्ख्या भाऊबंदाला द्यायला भ्यायचं आणि बाभळीला मात्र फुकटात द्यायचं, हा कुठला व्यवहार?

मी चुलत्यांना सरळ म्हणालो, "तात्या, आमचं रान तुम्हीच करा, वाट्यानं." त्यांनी आधी मला खालवर बघितलं.

"अण्णाला इचारलंस?"

विचारलं होतं. मग ते बांधावरच बसले आणि हिशेब सुरू झाला. पहिली दोन वर्षं वाटा नाही, डाळिंबाला तेवढा वेळ लागतोच. पाणीपट्टी त्यांची. खत निम्मं-निम्मं. बाभळी काढायला जेसीबी लागणार, त्याचा खर्च सगळा आमचा, कारण "वाढवल्या तुमी."

यावर मला काही बोलता आलं नाही. जेसीबीवाल्याला विसार देऊन आलोय.